ऑफिसच्या इमारतीचे हॉटेल का होऊ नये?

प्रश्न : मंत्रालयातील कामांसाठी पंचवटी एक्सप्रेसने माझ्या मुंबईला फेऱ्या होत असतात. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत राज्य सरकार घेत असल्याचे वाचले. पन्नाशीची इमारत कार्यालयांसाठी घेण्यापेक्षा समुद्रासमोरच्या त्या जागी हॉटेल केलेले काय वाईट?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : न्यूयॉर्कचे वास्तुविशारद जॉन बर्गी यांच्या आराखड्यानुसार ही तेवीस मजली इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत तिलाही लक्ष्य करण्यात आले होते. २०१३ मध्ये कंपनीने मुख्यालय दिल्लीला हलवले. पुढे टाटांकडे विमानसेवा गेली, तरी इमारत केंद्राच्याच कंपनीकडे राहिली आणि मार्च २०२४ मध्ये ती १,६०१ कोटी रुपयांना राज्याकडे देण्यास केंद्राने मान्यता दिली.

पन्नास वर्षे हे आरसीसी सांगाड्याचे म्हातारपण नव्हे. मात्र समुद्राची खारी हवा काँक्रीटमधून आतल्या सळ्यांपर्यंत पोहोचली, की त्या गंजून फुगतात आणि पोपडे सुटू लागतात, म्हणून अशा ठिकाणी वयापेक्षा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल महत्त्वाचा. सांगाडा धड असेल, तर पुढचे काम सोपे असते, कारण भार खांब-तुळया पेलतात आणि मधल्या पडद्या हव्या तशा काढता-घालता येतात. विमान कंपनीच्या जागी सरकारी खाती बसवायला फारशी तोडफोड लागत नाही.

हॉटेलचे गणित मात्र निराळे आहे. कार्यालयात एका मजल्याला एका बाजूची स्वच्छतागृहे पुरतात, हॉटेलात प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि खिडकी हवी. त्यामुळे जागोजागी नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या मजल्यांतून खाली उतरवाव्या लागतात आणि मजला खोल असेल, तर मधली जागा अंधारीच राहते. फिलाडेल्फियातील पीएसएफएस या बँकेच्या १९३२ च्या छत्तीस मजली इमारतीला हे जमले, याचे बरेचसे श्रेय हाऊ आणि लेस्काझ यांच्या मूळ आराखड्याला द्यायला हवे : लिफ्ट मागच्या भागात आणि कार्यालये पुढच्या अरुंद भागात असल्याने खिडकी कुठूनच लांब नव्हती. २००० पासून तेथे हॉटेल आहे. माथ्यावरची बँकेची लाल अक्षरे तेवढी तशीच ठेवली आहेत (पाहुण्यांना त्यांचा अर्थ समजावताना स्वागतकक्षाची करमणूक होत असावी).

मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावरच्या या इमारतीत, आमच्या मते, फायलीच शोभतील. आपल्या फेऱ्या कमी होतील का, हे मात्र वास्तुशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे.