सैन्याचं घड्याळ आणि सैनिकी दिसणारं घड्याळ

काळी तबकडी, मोठे आकडे आणि नायलॉनचा पट्टा असला की कुठलंही घड्याळ 'मिलिटरी' म्हणून विकतात, मग खऱ्यात वेगळं काय, असं तुम्ही विचारलंय. दिसण्यात फारसं काही नाही. फरक आहे तो कागदावर. घड्याळ कसं हवं हे आधी लष्कराचं खातं लिहून देतं, आणि त्या अटींत बसेल तोच माल घेतला जातो.

ब्रिटिशांनी 1945 च्या सुमारास घेतलेली घड्याळं बघा. ओमेगा, लाँजिनपासून टिमोर, ग्रानापर्यंत 12 कंपन्या, पण अटी एकच: काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, सहाच्या जागी छोटा सेकंद काटा, न फुटणारी काच, आत पाणी शिरू न देणारी केस. संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. कंपनीचं नाव झाकलं तर भलेभले गोंधळतील.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची अट सेकंद काटा थांबवण्याची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने वापरलेल्या ए-11 घड्याळात ती होती. चावी बाहेर ओढली की काटा जागच्या जागी थांबतो. सगळे जण काटा बारावर थांबवून पुढचं मिनिट लावून ठेवतात, अधिकाऱ्याने इशारा दिला की एकदम चावी आत. तोफखान्याचा मारा कधी थांबणार आणि पायदळ कधी पुढे सरकणार, हे घड्याळावर ठरलेलं असताना अर्ध्या मिनिटाची चूक म्हणजे आपल्याच तोफेखाली आपली माणसं.

त्याच युद्धातल्या जर्मन वैमानिकांच्या घड्याळांचा व्यास तर 55 मिलिमीटर. हातमोजे घालून फिरवता यावी म्हणून चावी मोठी, जाकिटावरून बांधता यावं म्हणून पट्टा लांब. आज तोच आकार हौसेने मनगटावर मिरवतात, त्याला माझी हरकत नाही.

पट्ट्याचं मात्र नीट बघा. साध्या घड्याळात पट्टा स्प्रिंगच्या पिनांवर असतो, एक पिन निसटली की घड्याळ गेलं. ब्रिटिश लष्करी घड्याळांत बहुतेक वेळा पिनेच्या जागी केसलाच पक्की बसवलेली दांडी असते, त्यामुळे पट्टा अखंड लागतो आणि दांड्यांखालून ओवावा लागतो. अशा ज्या नायलॉनच्या पट्ट्याला सगळे 'नाटो पट्टा' म्हणतात, त्याच्या ब्रिटिश लष्करी अटी 1973 च्या.

आणि 'लष्करी म्हणजे सर्वोत्तम' हा समज सोडा. अमेरिकेने 1964 मध्ये काढलेल्या मिल-डब्ल्यू-46374 या अटींमागचा हेतूच स्वस्त घड्याळाचा होता: बिघडलं तर दुरुस्त करत बसायचं नाही, टाकून द्यायचं.

जुनं घेणार असाल तर मागचं झाकण वाचा. ब्रिटिश मालावर सरकारी मालकीचा बाण असतो. पुढच्या काळातल्या घड्याळांवर बाणासोबत डब्ल्यू10 असेल तर पायदळासह भूदलाचं, 0552 नौदलाचं, 6बीबी हवाई दलाचं. या खुणा नव्याने कोरताही येतात, म्हणून मशीन आणि तबकडीही जाणकाराकडून तपासून घ्या. तबकडीवर वर्तुळात 'टी' असेल तर चमक ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाची, त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) 12.3 वर्षं, म्हणजे ती आता जवळपास विझलेली. महायुद्धकाळातल्या तबकड्यांवर बहुधा रेडियम असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच राहतो, कारण झिजतो तो चमकणारा लेप. असं घड्याळ घरी उघडू नका, लेपाची धूळ श्वासात जाऊ देऊ नका.