हेडमास्तर बदलणारा असला की मार्क वाढतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत नवे हेडमास्तर आलेत, सारखं वेळापत्रक बदलतायत, तर परिस्थिती बघून बदलणाऱ्या हेडमास्तरमुळं मार्क खरंच वाढतात की नुसता गोंधळ. मी पंचगंगेकाठच्या एका हायस्कूलला गणित शिकवतो, २१ वर्षं झाली, चार हेडमास्तर बघितले, त्यावरनं सांगतो. वाढतात, पण थेट नाही. हेडमास्तरच्या हातात असतात ते तास. कुठला वाचवायचा, कुठला सोडायचा, तिथंच सगळं ठरतंय.

२०१९ चा ऑगस्टमधला पूर आठवत असेल. आमची शाळा उंचावर, म्हणून तिथं छावणी. लोकं घरी गेली, खोल्या धुतल्या, शाळा भरली तेव्हा निम्म्या पोरांची दप्तरंच गेलेली. तेव्हाच्या सरांनी काय केलं, तर पहिल्याच आठवड्यात घटक चाचणी लावली, का तर वार्षिक नियोजनात होती. माणूस वाईट नव्हता हां, शाळेची कागदपत्रं एकदम चोख, तपासणीला आलेला साहेब खूश होऊन जायचा. पण पोरं कोरे पेपर देऊन गेली, आणि आम्ही पण पोर्शन मागं पडला म्हणून दिवाळीपर्यंत नुसतं पळवलं. त्या बॅचचं बीजगणित शेवटपर्यंत कच्चंच राहिलं.

मग कोरोना, त्यात २०२१ च्या जुलैत परत पूर, आणि तोवर हेडमास्तर म्हणून मॅडम आलेल्या. ऑक्टोबरात वर्ग नीट भरायला लागल्यावर त्यांनी पुस्तक उघडूच दिलं नाही. आधी म्हणल्या, कुणाला काय येतंय ते बघा. आठवीत तीन अंकी संख्येला एका अंकानं भागता येणारी पोरं निम्मी पण निघाली नाहीत. झालं, आठवी-नववीचे पहिले दोन तास एकत्र, इयत्ता विसरायची आणि पोरगं जिथं अडलंय त्या गटात बसवायचं. ही काय त्यांची नवी कल्पना नव्हती, 'प्रथम' नावाची शिक्षणात काम करणारी संस्था हे कित्येक वर्षं करते, पण आमच्यात कुणी केलं नव्हतं. शिक्षक कमी पडले तर सगळ्यात कच्चा गट मॅडमनी स्वतः घेतला, आणि ऑनलाइन माहिती भरायचं काम दुपारी तीननंतर, त्याआधी फोन आला तरी शिक्षक वर्गातनं उठायचा नाही. वरनं बोलणी खाल्ली असतील, आम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यांचं चुकलं पण. रोज रात्री व्हॉट्सॲपवर टेस्ट सुरू केली, फोन बापाकडं आणि बाप गुऱ्हाळावर, पोरगं टेस्ट देणार कशी? आम्ही सांगितल्यावर पंधरा दिवसांत बंद केली, तोंड वाकडं न करता. खरा बदलणारा माणूस मला तिथं दिसला, स्वतःची कल्पना टाकून देणारा. नाहीतर दर ट्रेनिंगवरनं आल्यावर सोमवारी नवीन उपक्रम काढणारे सर पण आम्ही भोगलेत, जुना उपक्रम मधेच मेलेला, फाइल तेवढी जाडजूड.

आता मार्क. दहावीच्या निकालावरनं हेडमास्तर मापू नका. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. सगळे हेडमास्तर एका वर्षात बिघडले आणि दुसऱ्या वर्षी सुधारले असं झालं का? भाषा आणि सामाजिक शास्त्राचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण २०१९ ला काढले आणि २०२० ला परत दिले, मोठं कारण ते. २०२१ ला तर परीक्षाच नाही आणि निकाल ९९.९५.

बाहेर यावर अभ्यास झालेत. अमेरिकेत वॉलेस फाउंडेशनच्या २०२१ च्या अहवालात आहे की सुमार मुख्याध्यापकाच्या जागी चांगला आला तर मुलांचं वर्षाला साधारण तीन महिन्यांचं जादा शिकणं होतं, गणितात आणि वाचनात. पण ते एकूण चांगल्या मुख्याध्यापकाबद्दल आहे, नुसत्या बदलण्याबद्दल नाही, आणि तिकडची शाळा वेगळी, आमचा हेडमास्तर पोषण आहाराचा तांदूळ पण मोजून घेतो.

तुमच्या सरांचं बघायचं असेल तर मुलीच्या गणिताच्या वहीतल्या तारखा बघा. वेळापत्रक कितीही वेळा बदलू दे, आठवड्याला गणिताचे तास पहिल्याएवढेच भरतायत आणि वही तपासलेली आहे, तर दिवाळीपर्यंत गप्प बसा. तारखांत आठ-आठ दिवसांची भोकं दिसली तर वही घेऊनच पालक सभेला जा, आणि वर्गशिक्षकाला नको, त्या बिचाऱ्याच्या हातात काय नसतंय, थेट हेडमास्तरांनाच विचारा.