विहिरीत सुरुंगाचा हादरा बसला, अंगावर जखम नाही. सकाळी दाखवलं तर चालेल का?

नाही चालणार. आत्ताच १०८ ला फोन लावा, गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. जतहून थेट मिरजेला, जिथे आयसीयू आहे तिथेच न्या.

तुम्ही लिहिलंय, सुरुंग अवेळी उडाला, भाऊ विहिरीतच कपारीला होता, ओरखडाही नाही, पण छाती जड वाटते आणि खोकला येतो. ओरखडा नाही, हेच फसवं आहे. स्फोटाच्या दाबाची लाट कातडीला काही न करता आत जाते आणि जिथे हवा भरलेली असते तिथे फाडते: कान, फुप्फुस, आतडं. फुप्फुसातले वायुकोश फाटले की त्यांत रक्त झिरपतं. विहिरीत ती लाट खडकावर आपटून परत फिरते, त्यामुळे मोकळ्या रानापेक्षा मार जास्त बसतो. कान शाबूत आहेत म्हणून फुप्फुसही शाबूत, असं धरू नका.

कोरोनातला ऑक्सिमीटर घरात असेल तर लावा. आकडा ९४ च्या खाली असेल तर धोका आहेच. पण ९८ दिसला तरी निघा, कारण सुरुंगाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि ते यंत्र त्यालाही ऑक्सिजन समजून मोजतं. त्याच धुरातल्या तांबूस नायट्रोजन डायऑक्साइडमुळे फुप्फुसात पाणी व्हायला कधी चोवीस तासही लागतात.

वाटेत त्यांना टेकवून बसवा, चालवू नका, चहा-पाणीही देऊ नका. पोटात इजा असली तर ऑपरेशन लागू शकतं.

डॉक्टरांना ‘पडला’ असं कृपा करून सांगू नका. सुरुंगाचं जिलेटिन (स्फोटकाच्या कांड्या) बिनपरवाना असेल म्हणून लोक लपवतात आणि उपचार चुकतात. पोलिसांत नोंद होईल, पण तातडीचे उपचार त्यासाठी अडवता येत नाहीत. स्फोट कधी झाला, किती फुटांवर, धुरात किती वेळ होता, एवढं नेमकं सांगा.

तिथे एक्स-रे आणि रक्तातल्या वायूंची तपासणी होईल. मास्कने मिनिटाला १० ते १५ लिटर ऑक्सिजन देतील, सलाईन मात्र बेताने, कारण जास्त पाणी फुप्फुसातच उतरतं. ‘व्हेंटिलेटर लावा’ म्हणून मागे लागू नका. दाबाने हवा भरली की ती फाटक्या वायुकोशांतून छातीच्या पोकळीत, क्वचित रक्तातही शिरते. मग मेंदूला किंवा हृदयाला झटका येऊ शकतो. लावावाच लागला तर श्वास लहान ठेवतात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे साधारण ६ मिली. छातीत हवा साठली तर बरगड्यांमधून नळी घालतात. ती बघून घाबरू नका.

आणि धूर पूर्ण निघेपर्यंत अवजारं काढायला म्हणूनसुद्धा कुणाला त्या विहिरीत उतरू देऊ नका.