पेनीचं वजन आणि पौंडाची किंमत

प्रश्न आला आहे: पौंड चलनही आहे आणि वजनही, मग पेनीचं काय? आणि पौंडभर किमतीच्या पेनी तराजूत टाकल्या तर पौंडच भरेल का?

पेनीच्या नावाचं वजन आहे, पेनीवेट. सोन्याचांदीच्या ट्रॉय मापांत ते २४ ग्रेनचं, म्हणजे साधारण १.५६ ग्रॅम. २० पेनीवेटचा औंस, १२ औंसांचा पौंड, एकूण २४०. इंग्लंडच्या पैशातही १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, पुन्हा २४०च! याचं मूळ आठव्या शतकाच्या अखेरीचं. पश्चिम युरोपातला फ्रँक राजा शार्लमेन याच्या राज्यात एक पौंड चांदीची २४० नाणी पाडायची असं ठरलं आणि इंग्लंडनेही तोच हिशेब धरला. चलनचिन्हातलं 'एल' आणि वजनाचं 'एलबी' दोन्ही लॅटिन 'लिब्रा'चीच. पेनीसाठी लिहायचे तो 'डी' मात्र 'डेनारियस'चा, आणि पेनीवेटच्या 'डीडब्ल्यूटी'तही तोच.

आता तराजू. सुरुवातीला उत्तर जवळजवळ 'हो' असंच होतं, फक्त तो पौंड वेगळा. टांकसाळीचा टॉवर पौंड ५४०० ग्रेनचा, म्हणून पेनी साडेबावीस ग्रेनची. पुढे राजांनी पेनीतली चांदी घटवत नेली, १५२७ मध्ये टॉवर पौंडही गेला, पण २४० हा आकडा हलला नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: पौंड हे वजन राहिलं नाही, २४०ची मोजणी झाली. पौंडाचं नाणं तर १४८९ पर्यंत नव्हतंच. तोवर तो फक्त वहीत लिहायचा. १८६० पासूनच्या काशाच्या पेनी रोजच्या १६ औंसांच्या पौंडात ४८ बसत. म्हणजे एका पौंडाच्या पेनी तोलल्या तर पाच पौंड भरत! १५ फेब्रुवारी १९७१ ला १०० पेन्सचा पौंड आला आणि २४० चलनातून गेला.

आपल्याकडे हे नातं 'रुपयाभार' या शब्दात आहे. कंपनीच्या काळात ठरलेला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा. तोळ्यात साडेसात पेनीवेट आणि ट्रॉय पौंडात बरोबर ३२ तोळे.