फळी उजवीकडे का सरकते? ग्रीक लढायांचे नियम स्वतः छापताना

प्रश्न (एक वाचक, ठाणे): नमस्कार. मी आणि माझे दोन मित्र गेली चार वर्षं रविवारी टेबलावर प्राचीन ग्रीसच्या लढाया खेळतोय, छोटे सैनिक, फासे, मोजपट्टी असं सगळं. नियम आमचेच, वाढत वाढत ७० पानं झालीत. आता ते स्वतःच पुस्तक म्हणून काढायचं मनात आहे. पण एक मित्र म्हणतो यात नवीन काय आहे, ढालवाल्यांच्या दोन रांगा येऊन धडकतात आणि पुढचं फासा ठरवतो. छापावं का, आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: मित्राचा प्रश्न आधी घेते, कारण छापावं की नाही हे त्याच्यावरच ठरणारे.

लांबून बघितलं तर हॉप्लाइट, म्हणजे मोठी ढाल आणि भाला घेऊन रांगेत लढणाऱ्या ग्रीक पायदळातल्या लोकांची लढाई खरंच दोन भिंती धडकल्यासारखी दिसते. पण ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना एक गोष्ट सांगून ठेवलीये आणि मला विचाराल तर अख्खा खेळ तिच्यात आहे. ढाल डाव्या हातात, साधारण ९० सेंटीमीटर रुंद, त्यामुळे माणसाची उजवी बाजू उघडी राहते, मग तो उजवीकडच्या सोबत्याच्या ढालीआड जायला बघतो, तो त्याच्या उजवीकडच्याच्या, आणि असं करत करत चालताना सगळी फळीच उजवीकडे सरकते. समोरच्यांचंही तेच. म्हणजे दोघांचीही उजवी टोकं समोरच्याच्या डाव्या टोकाबाहेर जातात.

त्या दिवशी स्पार्टाचा राजा एजिस याला दिसलं की आपली डावी बाजू घेरली जाणार, म्हणून त्याने डावीकडच्या तुकड्यांना आणखी डावीकडे जायला सांगितलं आणि मधे पडणारं भगदाड भरायला उजवीकडच्या दोन अधिकाऱ्यांना हुकूम दिला. ते गेलेच नाहीत! भगदाड तसंच राहिलं आणि शत्रू त्यातून आत घुसला. लढाई तरी स्पार्टाच जिंकली, आणि त्या दोघांना पुढे भित्रेपणाचा ठपका ठेवून हद्दपार केलं.

आता तुमच्या ७० पानांत हे दोन नियम आहेत का बघा: पुढे चालताना फळी आपोआप उजवीकडे सरकते का, आणि दिलेला हुकूम अधिकारी ऐकेलच असं नाही, हे आहे का? असतील तर मित्राला सांगा, हे आमचं नवीन. नसतील तर छपाई थांबवा आणि आधी हे करून बघा. माझ्याकडे सोपी पद्धत आहे, दर चालीला सेनापतीला तीन-चारच हुकूम मिळतात, ज्या तुकडीवर हुकूम खर्च केला ती सरळ जाते, बाकीच्या अर्धी रुंदी उजवीकडे सरकतात. एवढ्यानेच खेळणारा घाम पुसायला लागतो, कारण आपलं डावं टोक उघडं पडतंय हे त्याला दिसत असतं पण सगळीकडे हात पुरत नाही.

मापं इंचात लिहू नका, 'तुकडीची रुंदी' हेच माप धरा. परदेशातून १५ मिलिमीटरचे सैनिक मागवायचे तर खर्च बराच होतो, त्यामुळे पुठ्ठ्याचे तुकडे कापून कोणाला खेळायचं असेल तर त्यालाही तेच नियम चालले पाहिजेत. हिशोबही सोपा बसतो. माणसामागे साधारण एक मीटर जागा आणि खोली, म्हणजे एकामागे एक उभे, आठ जण धरले तर १००० माणसांची आघाडी १२५ मीटर होते, १ मिलिमीटर म्हणजे १ मीटर धरलं तर टेबलावर साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे साधारण चार सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या. आणि याच हिशोबात खोलीची गंमत कळते. ल्युक्ट्राच्या लढाईत, इ.स.पू. ३७१ मधे, ग्रीक लेखक झेनोफोन सांगतो की थीब्ज शहराचे लोक ५० खोल उभे होते आणि स्पार्टाचे १२ पेक्षा जास्त नाहीत. ५० खोल म्हणजे १००० माणसांची आघाडी फक्त २० मीटर! थीब्जचा सेनापती एपामिनोंडासने तो सगळा जोर डाव्या टोकाला लावला, स्पार्टाच्या उजव्या टोकासमोर, जिथे राजा क्लिऑम्ब्रोटस होता, आणि तो पडला. तुमच्या नियमात जास्त खोलीचा फायदा मिळायलाच हवा, पण आघाडी आखूड झाल्याची किंमतही द्यावी लागली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या रविवारपासून सगळेच ५० खोल उभे राहतील.

हत्ती काढा. ग्रीक सैन्यात ते अलेक्झांडरनंतरच्या काळात आले, तुमचा काळ हॉप्लाइटचा असेल तर ते दुसऱ्या पुस्तकात घ्या. भालाफेके मात्र ठेवाच, कारण इ.स.पू. ४२५ ला स्फॅक्टेरिया बेटावर हलक्या सैन्याने लांबून मारून मारून स्पार्टाच्या लोकांना जेरीस आणलं आणि शेवटी २९२ जण जिवंत हाती लागले, हे तुमच्या टेबलावर घडू शकलं पाहिजे.

एवढं झालं की पानं आपोआप कमी होतील. मग परीक्षा. ज्यांनी तुमचा खेळ कधी बघितला नाही अशा दोघांना नियम हातात द्या, शेजारी बसा आणि एक शब्द बोलू नका. मी माझी भाची आणि तिच्या मैत्रिणीला बसवलं होतं, कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या घेऊन, तुकड्यांऐवजी. नियमात मी लिहिलेलं, 'तुकडी शत्रूला भिडली की थांबते'. भाचीने सोंगटी कडेला नुसती टेकवली आणि म्हणाली भिडली. मैत्रीण म्हणाली असं नाही, समोरासमोर पूर्ण आली पाहिजे. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, मी गप्प, आणि त्यात वीस मिनिटं गेली. तोपर्यंत मी तो नियम शंभरदा वाचला होता आणि मला तो स्पष्टच वाटत होता, कारण भिडणं म्हणजे काय ते माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. त्या रात्री ते वाक्य काढून तिथे एक चित्र टाकलं, टेकलेल्या कडेचं, शेजारी बरोबर आणि चूक अशा दोन खुणा. अशा तीन परीक्षा होईपर्यंत पुस्तक छापू नका.

छपाईचं थोडक्यात. आधी पीडीएफ काढा, ती विकायला वॉरगेम व्हॉल्टसारख्या साइट आहेत. कागदी प्रती डिजिटल प्रिंटवर ५० काढा, ऑफसेटचा, म्हणजे मोठ्या संख्येच्या छपाईचा, विचार नंतर. ए५ आकार, मधे पिन, पानांची संख्या चारच्या पटीत हवी, ३२ पानांना ए४ चे फक्त आठ कागद लागतात. छापायला देण्याआधी घरीच डमी करा, दुमडून बघा. मधल्या पानावर महत्त्वाचा तक्ता ठेवा, पुस्तक तिथे आपोआप सपाट उघडतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून, अर्ज स्वतः करता येतो, एजंट लागत नाही.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): दुसऱ्यांच्या नियमांतली एखादी पद्धत आवडली तर घ्यावी का? आणि चित्रं, उतारे?

उत्तर: कॉपीराइट शब्दांना आणि चित्रांना असतो, खेळायच्या पद्धतीला नाही, त्यामुळे पद्धत घ्या पण वाक्य स्वतःचं लिहा आणि कोणाकडून शिकलात ते मनापासून नमूद करा, या छंदातली माणसं त्याची कदर करतात. उताऱ्यांचं बघून घ्या, थ्युसिडिडीस जुना असला तरी त्याचा अनुवाद नवीन असू शकतो. क्रॉलीचा इंग्रजी अनुवाद १८७४ चा आहे, तो चालेल. ग्रीक कलशावरचं चित्र अडीच हजार वर्षांपूर्वीचं असलं तरी त्याचा फोटो आज कोणीतरी काढलेला असतो, त्याची परवानगी बघा.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): मराठीत लिहिलं तर घेणार कोण?

उत्तर: इंग्रजी आवृत्ती जास्त खपेल यात शंका नाही, पण पहिली मराठीतच लिहा असं मी म्हणेन. आघाडी, पिछाडी, बगल, फळी फुटणं, धीर सुटणं, हे शब्द वाचणाऱ्याला समजवावे लागत नाहीत आणि 'मोराल टेस्ट'पेक्षा 'धीर सुटला का?' हे टेबलावर ओरडायला कितीतरी बरं. मराठीत नियम नीट बसला की मग इंग्रजी करा. आणि तुमच्यापैकी कोणी उजवीकडे सरकायचा नियम लिहिला असेल तर तेवढं एक पान मला पाठवा, त्या दोघींना सोंगट्या घेऊन परत बसवते.