स्पीकर कुठला, स्टुडिओ मॉनिटर घेऊ की हाय-फाय?
भावा, आधी ठरव: ऐकणार कुठं बसून? टेबलापाशी, कानापासून मीटरभरावर ऐकणार असशील तर 5 इंची मॉनिटर घे, म्हणजे स्टुडिओत जवळून ऐकायला वापरतात तसला स्पीकर. बहुतेकांत अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आतच असतो. सोप्यात घरच्यांसोबत आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व ऐकायचे असतील, तर हाय-फाय, म्हणजे घरात गाणी ऐकायचे स्पीकर घे. त्याला बहुधा अ‍ॅम्प वेगळा लागतो, तो बजेटात आधीच धर.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- स्पीकर कोपऱ्यात चिकटवतात. मग बास घुमतो, डग्गा नुसता गदगदतो. पुढं ओढ, फरक लगेच कळेल.
- जमिनीवर ठेवतात. ट्वीटर (बारीक, उंच सूर वाजवणारा स्पीकरातला छोटा भाग) कानाच्या उंचीला हवा.

महागड्या केबली सध्या विसर. बेळगावात दुकानात जाशील तेव्हा ओळखीचं गाणं ने, दोन्हींचा आवाज सारखा लावून ऐक. जोरात वाजतो तोच चांगला वाटतो, तिथं फसू नकोस.