खिशातल्या चाकूचं पातं कोणतं? सरळ धारेचं घ्या

तुम्ही विचारलंय की रोज खिशात बाळगायला ड्रॉप पॉइंट, क्लिप पॉइंट, टँटो आणि शीप्सफूट यांपैकी कोणत्या आकाराचं पातं घ्यावं. आणि खाली लिहिलंय, "शीप्सफूटला टोकच नसतं, म्हणजे तो बादच ना?" या शेवटच्या ओळीमुळे उत्तर लिहायला बसलो. बाद नाही. शीप्सफूट म्हणजे धार पार सरळ आणि पाठ पुढे गोल वळून धारेला मिळणारी, म्हणून नाक बोथट. चौघांत मी त्यालाच पहिला धरतो.

मी वेंगुर्ल्याकडे काजू आणि आंब्याची कलमं बांधतो. पावसाळ्यात आमचा अख्खा दिवस चाकू हातात जातो, आणि तो चाकू म्हणजे सरळ धारेचं, जेमतेम टोक असलेलं पातं. मृदुकाष्ठ कलमात खुंटाचा, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपाचा, शेंडा उडवून मधोमध ४ ते ५ सेंटिमीटरची उभी चीर देतात, वर लावायच्या चांगल्या झाडाच्या काडीला तेवढ्याच लांबीची पाचर करतात, ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. काडीचा आणि खुंटाचा हा थर एकमेकांना टेकला तरच कलम जीव धरतं. त्यासाठी पाचरेचा काप एका ओढीत आणि अगदी सपाट यावा लागतो.

आमचे भावोजी ठाण्याला असतात. चाकूंचा शौक, दुबईहून कोणाकडून तरी काळ्या पात्याचा टँटो मागवला होता. एका जूनमध्ये काजूची मोठी ऑर्डर चालू असताना ते आले आणि सगळ्या गड्यांसमोर माझा चाकू हातात घेऊन म्हणाले, "टोक नाही तो कसला चाकू? याने लोणी तरी कापलं जातं का?" मी काडी पुढे केली, म्हटलं तुमच्याने पाचर करा.

त्यांनी केली. धार चांगली होती, ते मान्य. पण पातं जाड, दोन्ही बाजूंनी उतार दिलेलं, आणि टँटोची धार पुढे जाऊन मध्येच कोन करून वळते. काडीतून ओढताना पातं अर्ध्यात बाहेर ढकललं गेलं, मग त्यांनी परत लावलं, आणि कापाला मधोमध पायरी पडली. आमच्याकडे एक म्हातारी आजी काड्या निवडायला बसायची. तिने ती पाचर उचलली, माझ्या चाकूची सपाट बाजू कापाला लावून दाराकडे धरली आणि म्हणाली, "ह्येच्यातसून उजेड दिसता. ह्या लागुचा नाय."

भावोजी हट्टाला पेटले. दुपारपर्यंत त्यांनी त्याच चाकूने बरीच कलमं बांधली, आम्ही ती वेगळ्या ओळीत ठेवली. महिनाभरात त्या ओळीतल्या बहुतेक काड्या काळ्या पडल्या. शेजारच्या ओळींना तांबूस पालवी फुटली होती. फोनवर सांगितलं तर म्हणाले, पाऊस जास्त झाला. पाऊस काय ओळ बघून पडतो? दर गणपतीला हा वाद आमच्याकडे नव्याने होतो.

तुम्ही कलमं बांधणार नाही, पण तुमच्या खिशातला चाकू करणार काय? सुतळी, पार्सलची टेप, खताच्या गोणीची शिवण, केबलचं आवरण, पेन्सिल. यातलं एकही काम भोसकायचं नाही, सगळी ओढून कापायची. सरळ धारेत हाताचा जोर पार शेवटापर्यंत पोचतो. बाकदार धारेवरून दोरी टोकाकडे निसटते. खोका उघडताना बोथट नाक आतल्या वस्तूत घुसत नाही. जहाजांवरचे खलाशी हेच पातं वापरायचे, कारण हेलकाव्यात दोर कापताना टोक आपल्याच किंवा सोबत्याच्या अंगात जायला नको. आणि पाजवायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही: सपाट दगडावर अख्खी धार एकदम टेकते. बाकदार पात्याला टोकाकडे जाताना मूठ उचलत न्यावी लागते, आणि तिथेच नवखे लोक धार घालवतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. क्लिप पॉइंटची पाठ टोकाजवळ कापून घेतल्यासारखी असते, टोक बारीक, त्यामुळे घुसतं छान आणि मोडतंही लवकर. ड्रॉप पॉइंटची पाठ टोकाकडे हलक्या बाकाने उतरते, तो मजबूत आणि सगळ्या कामाला बरा. दुकानदार तोच देईल आणि घेतलात तरी पस्तावणार नाही. टँटो रोजच्या खिशासाठी नकोच. मधे कोन असलेला हा आकार १९८०च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. ज्यावरून हे नाव आलं त्या जुन्या जपानी तांतो खंजिराची धार टोकाकडे बाकाने जाते. भावोजी त्याला 'सामुराईचं पातं' म्हणतात, ते त्या कोनाला लागू होत नाही. त्याच्या टोकामागे पोलाद भरपूर असतं हे खरं, पण डब्याचं झाकण उचकटायला चमचा आहे की घरात.

टोक हवंच असेल तर वॉर्नक्लिफ बघा. धार तशीच सरळ, पाठ मात्र हळूहळू उतरत येते, म्हणून पुढे नेमकं टोक मिळतं. काटा काढायला, शिवण उसवायला तेवढं पुरतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मासे साफ करायचे असतील किंवा कोंबडी सोलायची असेल तर सरळ धार निरुपयोगी, तिथे बाकच हवा. माझा कलमचाकू बघून तसाच घेऊ नका. त्याला उतार एकाच बाजूने असतो, भाकरीवरचं लोणी सोडा, सफरचंद कापतानाही तो तिरका पळतो, आणि डावखुऱ्याला वेगळा लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. तुम्हाला ३ इंच भरपूर झाले. तरीही पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तेव्हा, आणि विमानात बसताना, चाकू खिशात नको. आणि मिटणारा घेणार असाल तर पातं उघडल्यावर अडकणारा, लॉकचाच घ्या. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूंचं गोल कडं फिरवायचं लॉक साधं आणि भरवशाचं आहे. लॉक नसलेल्या चाकूवर उलटा जोर पडला की पातं बोटांवर मिटतं, मग त्याचा आकार कोणताही असो.